सिम्फनी वाद्यवृंद आणि इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक एकत्र बसवताना: पहिल्या कागदापासून कार्यक्रमाच्या रात्रीपर्यंत

दर दोन-तीन महिन्यांनी मला एकाच प्रकारचा फोन येतो. व्हायोलिन, चेलो, फ्लूट धरून पंचवीस-तीस वादक ठरलेत, डीजे ठरलाय, पुण्यात कोथरूडच्या नाट्यगृहाची तारीखही मिळालीय, आता "फक्त दोन तालमींत बसवायचंय". पहिल्या तालमीला डीजे ट्रॅक लावतो, वाद्यवृंद त्यावर वाजवायला लागतो आणि चौथ्या मिनिटाला दोघं दोन वाटांना लागलेले असतात. मग साउंडवाल्याला सांगितलं जातं, "मिक्समध्ये सांभाळून घे." त्या बिचाऱ्याच्या हातात तेव्हा काहीच उरलेलं नसतं. हे मिश्रण मिक्सरवर होत नाही, कागदावर होतं. कामांचा क्रम चुकला की पुढे कितीही तालमी घ्या, गोष्टी जागेवर येत नाहीत.

तो क्रम खाली दिला आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतील: बेथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग, अ‍ॅलेग्रेटो. शक्य असेल तर तो एकदा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) समोर ठेवून ऐका आणि मग पुढे वाचा.

हातात आठ आठवडे हवेत. पाचच असतील तर एकच रचना घ्या, तिचं काम नीट करा.

१. लय कोणाच्या हातात, हे लिहून ठेवा

ढोल पथकात वाजवलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. मिरवणुकीत पन्नास ढोल असले तरी सगळ्यांचे कान ताशाकडे आणि टोलकडे, म्हणजे ठेका धरणाऱ्या धातूच्या तबकडीकडे, असतात. शेजारच्या ढोलाकडे बघून वाजवायला लागलात की रांग फुटलीच. वाद्यवृंद आणि लॅपटॉप एकत्र आले की टोल कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवायचा असतो.

उत्तरं तीन आहेत. पहिलं, लॅपटॉप सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे आणि सगळे त्याच्या क्लिकवर (कानात वाजणारा मेट्रोनोमचा ठोका). दुसरं, कंडक्टर पुढे आणि लॅपटॉपवाला त्याचा हात बघून एकेक तुकडा सोडणार. तिसरं, रचनेचे भाग पाडायचे: ठेक्याच्या भागात क्लिक, मोकळ्या भागात कंडक्टर. मी जवळजवळ नेहमी तिसरं घेतो. पहिल्यात वाद्यवृंदाचा श्वास कोंडतो. दुसऱ्यात किक (ठेक्यातला ड्रमचा खोल ठोका) कधीच घट्ट बसत नाही, आणि किक ढिली असेल तर लोकांचे पाय हलत नाहीत.

एका कागदावर तीन रकाने आखा: माप (स्वरलिपीतला मोजणीचा एक खण) क्रमांक, लय कोणाची, बदल कसा होणार. तिसरा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात आणि सगळे अपघात तिथेच होतात. मोकळ्या भागातून ठेक्याच्या भागात शिरताना दोन मापांची मोजणी कोण देणार? त्या वेळी पॅड (सिंथेसायझरचा लांब धरलेला मागचा आवाज) चालू असेल की शांतता? कंडक्टरच्या कोणत्या खुणेवर लॅपटॉपवाला बटण दाबणार? हे शब्दांत लिहा.

तपासा: कंडक्टर, डीजे आणि लॅपटॉप चालवणारा (हा डीजेहून वेगळा माणूस असेल तर फार बरं) या तिघांकडे हाच कागद असावा आणि तिघांनी तो एकत्र बसून वाचलेला असावा. फोनवर फोटो पाठवला म्हणजे वाचला असं होत नाही.

२. रचना निवडा, पण आवडीवर जाऊ नका

आवडती धून आणि चालणारी धून या दोन वेगळ्या गोष्टी. चालणाऱ्या धुनेत तीन गोष्टी बघा: ठेका आतूनच स्थिर आहे का, वाक्यं आठ-आठ मापांची आहेत का, आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सावकाश बदलतात का. डान्स म्युझिकचं आवर्तन आठ, सोळा, बत्तीस बारांचं असतं (बार म्हणजे मापच). सात मापांचं वाक्य त्यात शिरलं की समेचा पत्ता लागत नाही.

अ‍ॅलेग्रेटो या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. दीर्घ, ऱ्हस्व, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ असा एकच ताल-आकार तो पुन:पुन्हा फिरवतो. त्याची वाढही आपसूक आहे. थीम, म्हणजे मुख्य धून, आधी व्हायोला, चेलो आणि डबल बेसकडे येते, मग दुसऱ्या व्हायोलिनकडे, मग पहिल्या व्हायोलिनकडे, आणि चौथ्या फेरीला अख्खा वाद्यवृंद उभा राहतो. डीजे ज्याला बिल्ड-अप म्हणतात तो इथे वाद्यांतच लिहिलेला आहे. त्यावर सूं करत चढणारा रायझर लावू नका. एका चढणीवर दुसरी चढण घातली की दोन्ही सपाट वाटतात.

हक्कांचं दोन ओळींत. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. बेथोव्हन १८२७ मध्ये गेला, तिथे प्रश्नच नाही. शोस्ताकोविच १९७५ मध्ये गेला, त्याच्या रचना अजून मोकळ्या नाहीत.

ही चूक होतेच: धून मोकळी आहे म्हणून कुठल्यातरी वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा सँपल म्हणून उचलला जातो. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात, नव्या संपादित आवृत्तीचे आणि अरेंजमेंटचेही वेगळे. लागेल तो तुकडा आपल्याच वादकांकडून वाजवून घ्या. पहिल्या तालमीतली वीस मिनिटं त्यासाठी पुरतात.

३. टेम्पोचा हिशेब कागदावर करा

अ‍ॅलेग्रेटो दोन-चारमध्ये आहे. बेथोव्हनने दिलेली मेट्रोनोमची खूण मिनिटाला ७६ क्रॉचेट अशी आहे; एका मापात दोन क्रॉचेट, आणि क्रॉचेटचा निम्मा म्हणजे क्वेव्हर. क्वेव्हरला किकची मात्रा धरलं तर ७६ चे १५२ होतात. हाउस या डान्स म्युझिकच्या प्रकारासाठी ते फार पळतं. क्रॉचेट ६२ वर आणला की किकला १२४ मिळतात, आणि ती हाउसची हक्काची जागा आहे. मूळ खुणेपेक्षा हे संथ आहे, पण हा भाग सावकाश वाजवण्याची सवय बऱ्याच वाद्यवृंदांना आहेच, त्यामुळे वादकांना परकं वाटत नाही.

आता गंमत बघा. दोन-चारच्या एका मापात चार क्वेव्हर, म्हणजे डान्स म्युझिकचा बरोबर एक बार. थीम चोवीस मापांची आहे: आठ, मग पुढची आठ दोनदा. १२४ च्या चालीत तिला साधारण ४६ सेकंद लागतात. चारही फेऱ्या आठच्या जाळीत चपखल बसतात.

पण थीम तिसऱ्या मापापासून सुरू होते. पहिली दोन मापं सुषिर वाद्यांनी धरलेल्या कॉर्डची आहेत. ही दोन मापं धरून लॅपटॉपमध्ये आठ-आठ बारांचे तुकडे पाडले तर प्रत्येक तुकडा थीमच्या दोन मापं आधी संपतो. डीजेला वाटतं वाद्यवृंद चुकतोय, वाद्यवृंदाला वाटतं डीजे चुकतोय. सुरुवातीची दोन मापं वेगळ्या सीनमध्ये (लॅपटॉपवर एका बटणाने सुरू होणारा तुकडा) टाका, क्लिकशिवाय, कंडक्टरच्या हातावर. मोजणी तिथूनच द्यायची आणि थीमच्या पहिल्या मापाला लॅपटॉपचा बार १ म्हणायचं.

दुसरी अडचण पुढे ए मेजरच्या भागात येते. क्लॅरिनेट आणि बसून धून घेतात आणि खाली व्हायोलिनला त्रिपुटं (एका क्रॉचेटात तीन समान स्वर) आहेत. तिथे हाय-हॅट (ठेक्यातली बारीक झांज) सोळाच्या जाळीतच, म्हणजे बाराच्या सोळा समान भागांवर, वाजत राहिला तर दोन्ही एकमेकांवर आदळून खडखडाट होतो. एक तर हाय-हॅट काढा, नाहीतर तो त्रिपुटात लिहा. मी काढतो. लोकांना श्वास घ्यायला तेवढी जागा हवीच असते.

तपासा: पूर्ण रचना फक्त क्लिक आणि पियानोवर वाजवून बघा. एखाद्या जागी तुमचा स्वतःचा पाय अडखळला तर तिथे चाळीस जणांचे पाय अडखळणार आहेत.

४. सूर: ४४० की ४४२

सिंथ (सिंथेसायझर) कारखान्यातून ए हा स्वर ४४० हर्ट्झला घेऊन येतो. पुष्कळ वाद्यवृंद ४४२ ला लावतात. फरक जेमतेम आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), म्हणून कोणी विचारत नाही. पण सिंथचा ए आणि ओबोचा ए एकत्र धरून ठेवले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. लांब कॉर्डवर ते कानाला चटके देतात, आणि वादक नकळत सिंथकडे नाहीतर एकमेकांकडे सरकत राहतात.

नियम साधा आहे. ज्याला हलता येत नाही त्याचा सूर धरायचा. हॉलमधला पियानो, ग्लॉकनश्पील, मॅरिम्बा हलत नाहीत. सुषिर वाद्यं थोडी हलतात, तारा बऱ्याच हलतात, आणि लॅपटॉप एका आकड्याने हलतो. तेव्हा लॅपटॉपने यायचं. प्रत्येक सिंथचं फाइन ट्यून बदला, आणि जे तुकडे ऑडिओ स्वरूपात आहेत ते नव्या सुरात पुन्हा काढून घ्या. किकलाही सूर असतो, तो विसरू नका.

इशारा: हे काम तालमी सुरू होण्याआधी एकदाच करा. तालमीच्या मधे घाईत एक सिंथ बदलला आणि तीन राहिले, तर कोणाचं चुकतंय हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

५. खालचा सप्तक वाटून द्या

या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

डबल बेसची सर्वांत खालची ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. चेलोची सी तार ६५ ला. किकचं पोट साधारण ४५ ते ६० मध्ये असतं आणि सब-बेसही (सिंथचा सर्वांत खोल बेस) तिथेच राहतो. म्हणजे एका खोलीत चार भाडेकरू. त्यांतले दोन लाकडाचे आहेत आणि दोन हजारो वॉटचे. तिथे लाकूड हरतं.

अ‍ॅलेग्रेटोच्या पहिल्या फेरीत थीम व्हायोला, चेलो, डबल बेसकडे आहे. तिचा प्रत्येक स्वर क्वेव्हरच्या जाळीवर पडतो, आणि किकही नेमकी तिथेच पडते. याचा परिणाम मी हॉलमध्ये बसून ऐकला आहे: डबल बेसवादक मनापासून वाजवत होते, धनुष्य हलताना दिसत होतं, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत फक्त धप् धप् पोचत होतं. प्रत्येक स्वराची सुरुवात किकखाली गाडली जात होती. स्वराच्या सुरुवातीवरूनच कान वाद्य ओळखतो, ती गेली की थीमच जाते.

म्हणून मी वाटणी अशी करतो.

पहिली फेरी: किक नाही, सब-बेस नाही. फक्त दोन किकच्या मधल्या जागी पडणारा हलका हाय-हॅट. थीम आणि तो एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, आणि पाय मात्र हलायला लागतो.

दुसरी फेरी: थीम दुसऱ्या व्हायोलिनकडे गेली आहे, पण व्हायोला आणि चेलोकडे या भागातली सर्वांत सुंदर उपधून आली आहे. किक अजूनही नाही. डीजे इथे अस्वस्थ होतो. त्याला थांबवा. फार तर एक पातळ पॅड द्या, तोही चेलोच्या सप्तकाच्या वर.

तिसरी फेरी: थीम पहिल्या व्हायोलिनकडे, उपधून दुसऱ्या व्हायोलिनकडे. आता खालची खोली बरीच मोकळी झाली. इथे किक येऊ द्या. रचना ए मायनरमध्ये आहे, तेव्हा किक ५५ हर्ट्झला, म्हणजे खालच्या ए ला लावा. डबल बेसचा पार्ट (त्या वाद्याची वेगळी स्वरलिपी) नव्याने लिहा: किकबरोबर पडणारे आखूड स्वर काढून लांब, धरलेले स्वर द्या, म्हणजे किकचा ठोका विरल्यावर ते ऐकू येतात.

चौथी फेरी: सगळा वाद्यवृंद आणि टिंपनी (वाद्यवृंदातले मोठे नगारे). किक ठेवा, सब-बेस पूर्ण काढा. इथेच सब-बेस सोडायचा मोह सगळ्यांना होतो, कारण डान्स म्युझिकमध्ये ड्रॉप (चढणीनंतर ठेका पूर्ण जोरात येतो ती जागा) म्हणजे सब-बेस. पण टिंपनीच्या कातड्याचा जो धक्का छातीला लागतो तो सब-बेसखाली चेपला जातो, आणि मग वाद्यवृंद आणला कशाला?

मधल्या पट्टीतही हाच न्याय. सुपरसॉ नावाचा जाड, अनेक थरांचा सिंथ व्हायोलिनच्या सप्तकात कॉर्ड धरून बसला तर सोळा व्हायोलिनही ऐकू येणार नाहीत. तो एक सप्तक खाली न्या, नाहीतर काढून टाका.

तपासा: लॅपटॉपवर वाद्यवृंदाचे नकली आवाज आणि सिंथ एकत्र लावा आणि आवाज अगदी बारीक करा, शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय असं समजून. व्हायोलिनची ओळ गुणगुणता आली पाहिजे. येत नसेल तर काहीतरी काढायचं आहे. आवाज वाढवून हे सुटत नाही.

साइडचेनबद्दल: किकच्या ठोक्याला पॅड दबतो ती युक्ती पॅडपुरतीच ठेवा. वाद्यवृंदाच्या माइकवर ती लावली की व्हायोलिन धापा टाकल्यासारखी ऐकू येतात. वादकांना ते कळतं आणि वाईट वाटतं.

६. स्कोअर आणि पार्ट्स

यंत्र दमत नाही, माणूस दमतो, आणि पार्ट्स लिहिताना हे विसरलं जातं. सिंथचा सोळाच्या चालीतला आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक) तसाच्या तसा उचलून पहिल्या व्हायोलिनला चौसष्ट बार दिलेला मी पाहिला आहे. चाळिसाव्या बाराला उजवी मनगटं आखडतात, धनुष्य तारेवर जड होतं, लय मागे ओढली जाते. ती ओळ डेस्कमध्ये (एका स्टँडवर बसणारे दोन वादक) वाटा: दोन बार बाहेरच्या वादकाने, दोन बार आतल्याने. तसंच १२४ च्या चालीत सोळा बार म्हणजे ३१ सेकंद. एवढा लांब स्वर कोणताही फ्लूटवादक एका श्वासात धरत नाही. श्वास कुठे घ्यायचा ते लिहा, आणि दोन वादकांचे श्वास एकाच जागी येऊ देऊ नका.

पार्ट्समध्ये प्रत्येक मापावर क्रमांक हवा. दर पाच मापांनी देऊन चालणार नाही, कारण या संगीतात शेजारची वीस मापं सारखीच दिसतात. तालमीची अक्षरं (पार्टमध्ये भागांवर घातलेली ए, बी, सी) आणि लॅपटॉपमधल्या सीनची नावं एकच ठेवा. कंडक्टर "सी पासून" म्हणाला की लॅपटॉपवाल्याने सी दाबायचं, मधे भाषांतर नको. वीस मापांची विश्रांती असेल तर बाहेर पडणाऱ्या आवाजाची खूण छोट्या अक्षरांत द्या: "हाय-हॅट सुरू", "पॅड बंद".

क्लॅरिनेटचा घोळ आधीच मिटवा. बेथोव्हनने ए क्लॅरिनेटला लिहिलं आहे, आपल्याकडे वादक बहुधा बी फ्लॅट क्लॅरिनेट घेऊन येतो, आणि एकाच लिहिलेल्या स्वराला दोन्हींवर वेगळा सूर निघतो. त्याला फोन करून विचारा आणि त्याच्या वाद्याप्रमाणे पार्ट काढा.

पानं विश्रांतीच्या जागी उलटली पाहिजेत. छपाई अप्पा बळवंत चौकात एका दुपारी होते, पण जाड, न चमकणाऱ्या कागदावर करून घ्या. चकचकीत कागदावर रंगमंचाचे दिवे पडले की वादकाला निम्मी ओळ दिसत नाही. लॉनवर कार्यक्रम असेल तर प्रत्येक स्टँडला कपड्यांचे दोन चिमटे, आणि पाच-दहा जास्तीचे खिशात.

७. क्लिक कोणाला आणि कसा

सगळ्यांना द्यायची गरज नाही. कंडक्टर, टिंपनी आणि तालवाद्यं, पियानो किंवा हार्प, आणि तारवाद्यांच्या प्रत्येक गटाचा पहिला डेस्क एवढ्यांना पुरतो. बाकीचे त्यांच्याबरोबर जातात. मागच्या रांगेला मात्र हवाच. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. बारा मीटर मागे उभा असलेला झांजवाला पुढच्याचं ऐकून वाजवेल तर तो ३५ मिलिसेकंद उशिरा येईल. आपल्या चालीत बाराचा सोळावा भाग १२१ मिलिसेकंदांचा आहे, म्हणजे हा उशीर प्रत्येकाला ऐकू येणारा आहे.

वायरलेस इन-इअर महाग पडतात. बसून वाजवणाऱ्यांना ते लागतही नाहीत. एक हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, लांब वायरी आणि एका कानाचे बंद इअरफोन इतक्यात काम होतं. वायरी आणि जॅक तपकीर गल्लीत मिळतात. तिथल्या तिथे जोडून वाजवून घ्या, घरी येऊन बघू म्हणू नका. दुसरा कान मोकळा ठेवायचा, नाहीतर वादकाला स्वतःचा सूर कळत नाही.

क्लिकचा आवाज मऊ, लाकडी आणि मध्यम पट्टीतला निवडा. टणटणीत काउबेल माइकमध्ये शिरतो. मोजणी माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि भागाचं नावही सांगा: "सी येतोय, दोन, तीन, चार."

इशारा: एका कार्यक्रमात शांत भागात एका वादकाने कानातला इअरफोन काढून स्टँडवर लटकवला. खाली चार बोटांवर माइक होता. व्हायोलाच्या सर्वांत हळुवार ओळीखाली सगळ्या सभागृहाला टिक टिक ऐकू आली. वादकाचा दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून दोन गोष्टी करतो: क्लिक नसलेल्या भागात क्लिकची वाहिनी लॅपटॉपमधूनच बंद होते, आणि पहिल्या तालमीत प्रत्येकाला सांगतो की इअरफोन काढला तर तो खिशात जाईल.

अजून एक बारीक गोष्ट. तारेवर धनुष्य टेकल्यापासून स्वर पूर्ण बोलेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि सगळे क्लिकवर अचूक असले तरी किक पुढे पळाल्यासारखा वाटतो. क्लिक तसाच ठेवा आणि किकच्या ट्रॅकला १० ते १५ मिलिसेकंदांचा उशीर द्या. नेमका आकडा कानाने ठरवा. हे केल्यावर तालमीत जो सुटकेचा नि:श्वास ऐकू येतो तो मला फार आवडतो.

८. तालमींचा क्रम

पहिली तालीम: वाद्यवृंद एकटा, क्लिकशिवाय. सूर, धनुष्याच्या दिशा, श्वास. डीजे आला तर ऐकायला बसवा.

दुसरी: वाद्यवृंद आणि क्लिक, इलेक्ट्रॉनिक आवाज शून्य. ही तालीम कंटाळवाणी असते आणि हीच गाळली जाते. गाळू नका.

यांच्या मधल्या एखाद्या दिवशी कंडक्टर, लॅपटॉपवाला आणि तालवाद्यं एवढेच तासभर बसा. फक्त जोड वाजवा: मोकळ्यातून ठेक्यात, ठेक्यातून मोकळ्यात. प्रत्येक जोड लागोपाठ तीनदा बरोबर आला की पुढचा.

तिसरी: सगळे एकत्र, इलेक्ट्रॉनिक्स एका लहान स्पीकरवर, बोलण्याच्या आवाजाइतकं. चौथी: हॉलमध्ये, पूर्ण आवाजात. पूर्ण आवाजात पहिल्यांदा भेटलेले वादक स्वतःला ऐकू येईना म्हणून जोर लावून वाजवतात, आणि तो जोर पुढे चार तालमी उतरत नाही.

कानांची काळजी घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला तासभरच उरतो. वादकांचं पोट कानांवर चालतं. इअरप्लग आयोजकाने आणायचे.

९. हॉल, माइक, स्पीकर

सबवूफर रंगमंचावर ठेवू नका. आपल्या नाट्यगृहांचे रंगमंच लाकडी आणि आतून पोकळ असतात. सबचं कंपन फळ्यांतून चेलो आणि डबल बेसच्या खालच्या खुंटीतून वाद्यात चढतं, माइक ते उचलतो आणि घूं सुरू होते. सब प्रेक्षागृहाच्या जमिनीवर, आणि खुंट्यांखाली जाड रबराचे तुकडे.

माइक वाद्याला चिकटणारे, प्रत्येक डेस्कला किमान एक. वर टांगलेले दोन माइक एकट्या वाद्यवृंदाला छान, पण इथे ते किकच जास्त उचलतील. चेलोच्या माइकचं ६० च्या खालचं कापून टाका.

पुढच्या स्पीकरमधून येणारा आवाज वाद्यवृंदाच्या स्वतःच्या आवाजाआधी प्रेक्षकांपर्यंत पोचतो. वाद्यवृंदाचा मध्य स्पीकरच्या चार मीटर मागे असेल तर स्पीकरला साधारण १२ मिलिसेकंद उशीर द्या. एवढ्याने व्हायोलिन स्पीकरमधून न येता व्हायोलिनमधून आल्यासारखी वाटतात.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी आधी घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, बंदिस्त सभागृहाला ती अट तशी लागू नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. लॉन ठरवण्याआधी आजूबाजूला चालून या. आणि कार्यक्रमाची आखणी पावणेदहाला संपेल अशी करा, कारण चौथी फेरी मध्येच तोडण्याइतकं वाईट काही नाही.

१०. कार्यक्रमाचा दिवस

पुण्यात डिसेंबरमध्ये दुपारी चारला उकडतं आणि रात्री नऊला स्वेटर लागतो. साउंड चेक चारला, कार्यक्रम नऊला. मधल्या पाच तासांत उघड्यावरची सुषिर वाद्यं उतरतात, धातूच्या तारा चढतात आणि सिंथ जागच्या जागी असतो. म्हणून कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी, रंगमंचावर, त्याच हवेत पुन्हा सूर लावा, आणि ए सिंथवरून द्या. इतका वेळ लॅपटॉप वाद्यवृंदाकडे आला, आता एकदा वाद्यवृंदाने त्याच्याकडे यायचं. सुषिर वाद्यं तोपर्यंत हातात ठेवून, फुंकून गरम ठेवायची, खोक्यात नाही.

वीज: लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस यूपीएसवर. दिव्यांच्या डिमरची लाइन वेगळी, आवाजाची वेगळी, नाहीतर दिवे मंद होताना स्पीकरमध्ये भुणभुण येते. दुसरा लॅपटॉप तोच सेट लावून मिक्सरला जोडून ठेवा. वाय-फाय, अपडेट, स्क्रीनसेव्हर सगळं बंद. सगळे तुकडे एकाच सँपल रेटचे आहेत ना, हे शेवटचं बघा.

क्लिक मध्येच गेला तर काय, हे आधी ठरलेलं असू द्या. माझा नियम: कंडक्टर डावी मूठ वर करतो, लॅपटॉपवाला ठेका काढून फक्त पॅड ठेवतो, वाद्यवृंद पुढच्या अक्षरापर्यंत हातावर वाजवत जातो आणि तिथे मोजणीसह ठेका परत येतो. तिसऱ्या तालमीत न सांगता एकदा क्लिक बंद करून याचा सराव घ्या.

कार्यक्रम संपला की हारतुऱ्यांच्या गडबडीत पार्ट्स स्टँडवर राहतात आणि सकाळी सफाईत जातात. ते त्याच रात्री गोळा करा, वाद्याप्रमाणे लावून पाकिटात घाला. वादकांनी पेन्सिलने केलेल्या खुणा, कुठे श्वास घेतला, कुठे धनुष्याची दिशा बदलली, कोणतं माप दोनदा मोजलं, त्या खुणांवरून पुढच्या वेळचा स्कोअर दुरुस्त करायचा असतो.